पाच नायिका एका राजवाड्यात

वाचकाचं पत्र:

'सिंड्रेला, स्नो व्हाइट सगळ्यांनी वापरून झाल्यात, म्हणून मी ग्रिम बंधूंच्या संग्रहातल्या चार कमी माहितीच्या गोष्टी निवडल्या: हात तोडलेली मुलगी, सहा हंस, फिचरचा पक्षी आणि मालेन. पाचवी स्कॉटलंडकडची, केट क्रॅकरनट्स. पाचही जणी एका राजवाड्यात एकत्र येतात आणि रोज रात्री एकेक जण आपली कहाणी सांगते, अशी कादंबरी लिहितेय. 60 हजार शब्द झाले. मैत्रिणीला वाचायला दिली तर म्हणाली, "प्रत्येक प्रकरण छान आहे, पण पुढचं वाचावंसं वाटत नाही." पाच गोष्टी एकजीव कशा करायच्या? मूळ गोष्टी वाचकाला माहीतच नसतील, तर मी काय बदललं हे त्याला कळणार कसं? आणि हे सगळं दुसऱ्यांचंच उचललेलं, ही चोरी तर नाही ना?'
– डावी बाही

प्रिय 'डावी बाही',

तुमचा जीव कुठल्या गोष्टीत अडकलाय ते टोपणनावावरूनच कळलं. सहा हंसांच्या गोष्टीत भावांना माणसात आणण्यासाठी बहीण सहा वर्षं न बोलता, न हसता सहा सदरे शिवते. शेवटच्या सदऱ्याची डावी बाही तेवढी राहून जाते आणि धाकट्या भावाला हाताच्या जागी पंखच राहतो. पाच गोष्टींतून सही करायला तुम्ही हीच निवडलीत, त्यामुळे कादंबरीचा कणा कुठला, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला.

मैत्रिणीने नेमकं दुखणं सांगितलंय. तुमच्या गोष्टी शेजारी शेजारी नीट बसल्यात, एकमेकींच्या वाटेत मात्र येत नाहीत. पहिली संपली, दुसरी सुरू झाली. वाचकाने पान उलटायचं ते कशासाठी? एक गोष्ट जिथे गप्प बसते तिथे दुसरीला तोंड उघडायला लावायचं, आणि तिने तोंड उघडलं की पहिलीची पंचाईत झाली पाहिजे. जोडकामाबद्दल मला सांगायचंय ते एवढंच. पुढचं सगळं उदाहरणादाखल.

आधी तुमच्या चौकटीबद्दल. रोज रात्री एक गोष्ट, ही चौकट जुनी आहे, भक्कम आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण जुन्या चौकटी का चालतात ते बघा. वेताळ पंचविशीत राजाला उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर वेताळ उडून पुन्हा झाडावर जाणार. गोष्ट ऐकणंच महागात पडतं. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता बासीलेचा 50 कथांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, 1634 ते 1636 मध्ये छापला गेला. तिथे तर चौकट हीच पन्नासावी कथा आहे. झोझा नावाच्या राजकन्येची जागा एका दासीने लबाडीने बळकावलेली असते. पाच दिवस गोष्टी रंगतात, शेवटी झोझा स्वतःचीच गोष्ट सांगते आणि दासीचं बिंग फुटतं. तुमच्या राजवाड्यात रात्री गोष्ट झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय बदलतं? पत्रावरून तरी काहीच बदलत नाही. मग ती चौकट काढलेली बरी. साठ हजारांतले बरेच शब्द जातील. जाऊ द्यात.

शब्दांबरोबर दोन नायिकाही जातील. मालेन लग्नाच्या बाबतीत बापाचं ऐकत नाही म्हणून सात वर्षं मनोऱ्यात कोंडली जाते, भिंत फोडून बाहेर येते तर सगळं राज्य उजाड झालेलं. गोष्ट सुरेख आहे, पण तिचं दुःख एकटेपणाचं आहे. बाकीच्या जणींशी बोलायला तिच्याकडे विषय नाही. केटची अडचण उलटी. आईच्या मत्सरापायी सावत्र बहिणीच्या धडावर मेंढीचं डोकं येतं, तेव्हा केट तिला घेऊन जग धुंडायला निघते. वर रोज रात्री टेकडीच्या पोटात पऱ्यांबरोबर नाचून झिजत चाललेल्या राजपुत्रालाही सोडवून आणते. या एका गोष्टीत दोन कथाप्रकार आधीच एकमेकांत शिवलेले आहेत, शिवण कुठे उसवलेली नाही, तुम्हाला हात घालायला जागाच नाही. शिवाय केट एवढी कर्तबगार आहे की ती आली की बाकीच्यांना काम उरत नाही. अशा पात्राला दुसऱ्याच्या कादंबरीत बोलावू नये.

उरल्या तीन, आणि इथे तुमची निवड खरोखर चांगली आहे. तुमच्या लक्षात आलंय की नाही कोण जाणे, पण या तिन्ही गोष्टी तुटलेल्या शरीराच्या आहेत. पहिलीत पाणचक्कीवाला सैतानाला 'चक्कीमागे जे उभं आहे ते' देऊन बसतो. त्याला वाटतं सफरचंदाचं झाड, तिथे उभी असते मुलगी. मग सैतानाच्या धाकाने तो तिचे हात तोडतो. दुसरीत धाकट्या भावाचा एक हात परत येतच नाही. तिसरीत, म्हणजे फिचरच्या पक्ष्यात, बंद खोली उघडली आणि सांभाळायला दिलेल्या अंड्यावर रक्ताचा डाग पडला म्हणून जादूगाराने तुकडे केलेल्या बहिणींचे अवयव धाकटी बहीण जागच्या जागी ठेवते आणि त्या जिवंत होतात. पिसंही दोन गोष्टींत आहेत. भावांवर ती लादलेली आहेत. फिचरच्या गोष्टीतली मुलगी मात्र स्वतःच अंगाला मध फासून पिसांत लोळते आणि पक्ष्याच्या सोंगात जादूगाराच्या नाकासमोरून निसटते.

अशी साम्यं सापडली की आपण हरखतो. पण साम्यातून फक्त वातावरण मिळतं. कथानक हवं असेल तर या गोष्टी कुठे भांडतात ते शोधा. माझ्या मते त्या सासूवर भांडतात.

सहा हंसांमधली सासू दुष्ट. मुक्या सुनेची बाळं ती चोरते, झोपलेल्या सुनेच्या तोंडाला रक्त फासते आणि 'हिने पोर खाल्लं' म्हणून बोंब ठोकते. सुनेला बोलायची बंदी, त्यामुळे ती थेट चितेपर्यंत जाते. हात तोडलेल्या मुलीची सासू याच्या अगदी उलट. सून आणि बाळ यांना मारायचा खोटा हुकूम येतो, तेव्हा ती हरिणी मारून तिचे डोळे आणि जीभ पुरावा म्हणून ठेवते आणि बाळ पाठीला बांधून सुनेला गुपचूप घालवून देते.

आता या दोन सासवांची एकच बाई करा. तिला दोन मुलगे, दोन सुना. एक सून बोलत नाही, दुसरीला हात नाहीत. एकीला ती जिवावर उदार होऊन वाचवते, दुसरीला जाळायला निघते. का? वाचक पान उलटेल तो या 'का'साठी, आणि त्याचं उत्तर या दोन्ही गोष्टींत नाही. मूळ गोष्ट म्हणते सासू दुष्ट होती, विषय संपला.

उत्तर तिसऱ्या गोष्टीकडून घ्या. सासू तरुणपणी फिचरच्या गोष्टीतल्या जादूगाराच्या घरातून निसटलेली ती धाकटी बहीण असेल तर? तिने एकदा आपल्या बहिणींचे तोडलेले अवयव स्वतःच्या हातांनी जुळवलेत. हात नसलेल्या सुनेला ती इजा करूच शकणार नाही. पण जो माणूस काहीतरी बंद ठेवतो, विचारलं तरी सांगत नाही, त्याच्या घरात काय असतं हे ती बघून आलीय. झाडावर सापडलेली, तोंडातून अवाक्षर न काढणारी, कोपऱ्यात बसून कसले तरी सदरे शिवणारी ही दुसरी सून तिला बंद खोलीच वाटणार. आणि त्या जादूगाराला नातेवाइकांनी घरात कोंडून, घर पेटवून मारलं होतं. अशा माणसांचं काय करायचं असतं हे तिला तेव्हापासून माहीत आहे. चिता तिथून येते. तिसऱ्या नायिकेला वेगळं कथानक द्यायची गरज उरत नाही. ती म्हातारी होऊन, मुकुट घालून, कादंबरीच्या मधोमध बसलेली असते. तिच्या पूर्वायुष्याची खोली किती उशिरा उघडायची एवढंच तुम्ही ठरवायचं. मी तरी निम्म्याच्या पुढे नेईन.

हे फक्त उदाहरण हं. आवडलं तर घ्या, मी हक्क सांगायला येणार नाही. पण आणखी एक जागा दाखवल्याशिवाय राहवत नाही, कारण तीन कथा एकत्र ठेवल्यावर मला सगळ्यात ऐवज तिथेच दिसतोय. ती जागा म्हणजे पत्र.

हात तोडलेल्या मुलीला बाळ होतं तेव्हा राजा युद्धावर असतो. बातमीचं पत्र जातं, निरोप्या वाटेत झोपतो, सैतान पत्र बदलतो. आता विचार करा, जिला हात नाहीत तिचं पत्र लिहिणार कोण? आणि दुसरीकडे हंसांच्या बहिणीला घातलेली अट काय? न बोलणे आणि न हसणे. लिहिण्याबद्दल मूळ गोष्टीत काहीही म्हटलेलं नाही. मग हात नसलेली थोरली बोलते, मुकी धाकटी लिहिते. दोघी जावा मिळून एक पुरी बाई होते. असा प्रसंग लिहून बघा:

'"लिही," थोरली म्हणाली. "मुलगा झालाय. हात दोन्ही आहेत." धाकटीने टाक शाईत बुडवला. हसू आलं ते तिने दातांखाली दाबलं. थोरली वाकून कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं. धाकटीला ते माहीत होतं.'

शेवटच्या दोन वाक्यांनी सैतानाची सुट्टी झाली. पत्र कोणी बदललं, हा आता त्या खोलीतल्या दोघींमधला प्रश्न आहे. धाकटीनेच वेगळं लिहिलं असेल, तर का? तिचं चोरीला गेलेलं बाळ कोणाकडे आहे आणि त्याच्या बदल्यात तिच्याकडून काय लिहून घेतलं गेलं? लिहून घेणारी सासू असेल, तर थोरलीला वाचवणारीही तीच कशी? हा गुंता तुम्हाला सोडवावा लागेल, पण आता तो सोडवण्यासारखा तरी आहे.

चाणाक्ष वाचक एक शंका काढणारच: धाकटीला चितेवर चढवलं तेव्हा बोलू शकणारी थोरली गप्प का? तिने साक्ष का दिली नाही? कारण ती तिथे नव्हती. त्या पत्रामुळे ती केव्हाच रानात गेलेली. आपल्यासाठी बोलू शकणारं एकमेव माणूस धाकटीने स्वतःच्या हाताने घालवलेलं. हे मी रचायला बसलो नव्हतो. दोन गोष्टींच्या अटी समोरासमोर ठेवल्या आणि ते आपोआप निघालं. जोडकाम जमतंय की नाही, याची एवढी एकच खूण मला माहीत आहे.

काळाचा हिशेबही मांडून बघा. धाकटीची सहा वर्षं लग्नाआधीच सुरू झालेली असतात. थोरलीची रानातली सात वर्षं पत्रानंतर सुरू होतात. म्हणजे हंस येऊन चिता विझली, धाकटीला बोलता यायला लागलं, तरी थोरली अजून काही वर्षं रानातच आहे. ही वर्षं कुठल्याच मूळ गोष्टीत नाहीत. जिला आता बोलता येतं, तिने जिच्याशी बोलायला हवं तिला शोधायला निघावं. मूळ कथेत हे शोधणं राजा करतो, सात वर्षं. त्याला घरी बसवा.

आता एक साधन. लोककथांचे अभ्यासक कथाप्रकारांना क्रमांक देतात. फिनलंडच्या आंटी आर्नेने 1910 मध्ये ही सूची सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसनने ती 1928 आणि 1961 मध्ये वाढवली, आणि जर्मनीच्या हान्स-यॉर्ग उथरने 2004 मध्ये नव्याने मांडली. तिघांच्या आडनावांवरून तिला एटीयू म्हणतात. तुमचे सहा हंस 451, हात तोडलेली मुलगी 706, फिचरचा पक्षी 311. क्रमांक हाती लागला की त्या गोष्टीची देशोदेशीची भावंडं सापडतात, आणि एखादा टाका बसत नसेल तर बहुतेक वेळा तो एखाद्या भावंडाकडे असतो. 451 मध्येच ग्रिमची सात कावळ्यांची गोष्ट आहे. तिथली बहीण काचेच्या डोंगराशी पोचते, कुलूप उघडायला दिलेलं हाडूक हरवलेलं असतं, तेव्हा ती स्वतःची करंगळी कापते आणि तिचीच किल्ली करते. तुमच्याकडे एक बंद खोली आहे आणि हात नसलेली एक बाई आहे. आता ही करंगळी कुठे ठेवायची ते मी कशाला सांगू!

706 मध्येही असंच. बासीलेकडे पेंटा नावाची नायिका आहे. सख्खा भाऊ तिच्या हातांच्या सौंदर्यावर भाळून तिच्याशी लग्न करायला निघतो, तेव्हा ती स्वतःच हात तोडून घेते आणि त्याला पाठवून देते. बापाने तोडलेले हात आणि स्वतः तोडून घेतलेले हात, दोन्हींतून वेगवेगळ्या बायका तयार होतात. तुमची थोरली यांतली कोण, हे ठरवल्याशिवाय तिच्या तोंडी एक वाक्य घालू नका. ग्रिमकडे तिचे हात देवाच्या कृपेने परत येतात. अफानास्येवच्या रशियन संग्रहात (1855 ते 1863) बाळ विहिरीत पडतं, ती नसलेले हात पुढे करून वाकते, आणि वाकता वाकता हात येतात. मला हे कितीतरी जास्त पटतं.

पटण्याचं कारण जादूच्या कायद्यात आहे, आणि तिथे तुम्ही गडबडलेल्या असणार असा माझा अंदाज. तीन गोष्टींत तीन कायदे आहेत. एकीत देवदूत येऊन मदत करतात. दुसरीत ठरलेली मुदत, ठरलेलं काम. तिसरीत जादूगाराने नुसता स्पर्श केला की मुलगी आपसूक त्याच्या टोपलीत उडी मारते. एका कादंबरीत तिन्ही चालवले तर वाचकाला कशाचीच भीती वाटणार नाही, कारण कधी काय होईल याचा नेम नाही. हंसांचा कायदा ठेवा: कष्टाने होतं, अट मोडली की फुकट जातं, काम अर्धं तर फळही अर्धं. बाही नाही म्हणून पंख. रक्ताचा डाग पडलेलं अंडं या कायद्यात बसतं, विहिरीवर वाकणंही बसतं. देवदूत बसत नाही, त्याला निरोप द्या.

वेदनेबद्दल एक सावधगिरी. करंगळी कापणारी ती बहीण साधं 'आई गं' म्हणत नाही. मॅक्स ल्युथी या स्विस अभ्यासकाने 1947 च्या आपल्या ग्रंथात हा युरोपीय लोककथेचा स्वभावच असल्याचं दाखवून दिलंय. तिथल्या माणसांना आतली बाजू नसते, सगळं पृष्ठभागावर घडतं. कादंबरीला आतली बाजू लागते. म्हणून पुनर्कथन करणारे बहुतेक जण प्रत्येक जखमेवर चार-चार पानं खर्च करतात आणि गोष्टीचा वेग घालवून बसतात. माझं मत असं, की कापण्याचा क्षण लोककथेसारखाच कोरडा, एका वाक्यात लिहा. वेदना नंतरच्या रोजच्या कामांत येऊ द्या: केस कोण विंचरतं, दार कसं उघडायचं, बाळाच्या अंगावर माशी बसली तर काय करायचं. राजाने थोरलीला करून दिलेले चांदीचे हात दिसायला सुंदर असतील, पण थंडीत ते कसे लागत असतील याचा विचार ग्रिम बंधूंनी केलेला नाही. तो तुमचा प्रांत.

दुसरा प्रश्न, ओळखीचा. माहितीतल्या गोष्टीचं पुनर्कथन करणाऱ्याला मोठी सवलत असते: सिंड्रेलाचा बूट म्हटलं की वाचक पुढचं सगळं मनात धरून चालतो आणि तुम्ही कुठे वळलात ते त्याला तिथल्या तिथे कळतं. तुमच्याकडे ती सवलत नाही, म्हणून मूळ गोष्ट कादंबरीतच ठेवावी लागेल. प्रस्तावनेत नको, तळटीपेत तर नकोच. कादंबरीतल्या माणसांनाच ती सांगू द्या, अफवा म्हणून. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात दासी कुजबुजतात: 'म्हणे बापाने सैतानाला विकलं हिला.' शिपाई म्हणतो, 'ती बोलत नाही कारण तिला सहा भावांना सोडवायचंय, आमच्या गावात अशी गोष्ट सांगतात.' अर्ध्या पानात मूळ कथा वाचकाच्या हाती येते, चुकीची, फुगवलेली, पण येते. मग प्रत्यक्षात वेगळं घडतं तेव्हा फरक त्याला जाणवतो. यात आणखी एक फायदा आहे. म्हातारी सासू स्वतःबद्दलची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसलीय आणि तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही, असा प्रसंग तुम्हाला आयता मिळतो.

चोरीचं म्हणाल, तर बिनधास्त राहा, फक्त कुठून घेता ते बघून घ्या. विल्हेल्म ग्रिम 1859 मध्ये वारले, याकोब 1863 मध्ये. मूळ कथा सगळ्यांच्या आहेत. त्यांनी स्वतःही पाठभेद एकत्र केले, आवृत्तीगणिक फेरफार केले. 1812 च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटला छळणारी तिची सख्खी आई आहे, 1819 पासून ती सावत्र झाली. पण भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो: भारतात त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपात 70. मार्गारेट हंट यांचं ग्रिमचं इंग्रजी भाषांतर 1884 चं आहे, ते खुशाल वापरा. काल-परवाच्या भाषांतरातली वाक्यं, विशेषणं, गाणी उचलू नका. इटालो काल्विनोने 1956 मध्ये इटलीच्या 200 लोककथा नव्याने लिहिल्या, तो संग्रह लोककथांचा दिसतो पण त्यात काल्विनोने स्वतःच्या पदरचं बरंच घातलंय आणि ते त्याचं आहे. चित्रपटांचंही तसंच. ग्रिमच्या सात बुटक्यांना नावं नाहीत, लोकांच्या तोंडी असलेली नावं 1937 च्या चित्रपटातली आहेत. तुमच्या बाबतीत खरी जोखीम आहे ती आधुनिक कादंबऱ्यांची. हंसांवर आणि हात तोडलेल्या मुलीवर इंग्रजीत लिहून झालंय. त्या वाचल्या असतील तर कागद घ्या आणि आपल्या खर्ड्यातली कुठली कल्पना मूळ कथेत सापडते, कुठली तिथली आहे, याची छाननी करा. साधं उदाहरण: सदरे खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या झाडाचे, असं तुमच्या डोक्यात असेल तर ते ग्रिमचं नाही. ग्रिमकडे ते ताऱ्यांसारख्या फुलांचे आहेत. झोंबणारं झाड आणि अकरा भाऊ हे हान्स ख्रिश्चन अँडरसनचं, 1838 चं. तोही 1875 मध्ये गेला, त्यामुळे घ्यायला हरकत नाही, पण घेतलं कुणाचं हे आपल्याला ठाऊक असावं. पुस्तकाच्या शेवटी पानभर नोंद देऊन मूळ कथांची नावं सांगितलीत की काम झालं.

आता पुढचे काही आठवडे काय करायचं? जुन्या खर्ड्यात दुरुस्त्या करत बसू नका. नव्या पानावर फक्त पत्राचा प्रसंग लिहा, दोघींच्या बाजूने दोनदा. धाकटीच्या बाजूने लिहिताना ती बोलत नाही याचा कंटाळा येतो का बघा. येत असेल तर कादंबरी तिच्या तोंडून सांगायची की थोरलीच्या, याचा पुन्हा विचार करावा लागेल. मग सासूचं एक प्रकरण, तिचा भूतकाळ चुकूनही न सांगता. ही तीन प्रकरणं त्याच मैत्रिणीला द्या आणि 'आवडलं का' असं न विचारता 'पुढे काय होईल असं वाटतं' एवढंच विचारा.

मालेनची प्रकरणं वेगळ्या फाइलमध्ये ठेवून द्या, ती कधीतरी स्वतंत्र पुस्तक मागेल. केटचं प्रकरण मात्र राजवाड्याचे संदर्भ काढले की सुटी कथा म्हणून उभं राहील. ते कुठल्याही अंकाकडे आत्ताच पाठवायला हरकत नाही.